लो केलेली गाडी आणि टायरवाल्याची मखलाशी

गणपतीला मुंबई-पुण्याहून गावी येणाऱ्या गाड्यांमध्ये हल्ली स्प्रिंग बदलून खाली बसवलेल्या हॅचबॅक बऱ्याच दिसतात. वाटेत टायर जातो आणि हायवेवर जे दुकान पहिलं दिसेल तिथे गाडी वळते. त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. माझ्या बाबतीत जे झालं ते नजरचुकीने झालेलं नाही, ठरवून केलेलं आहे.

आमच्या गाडीचं कंपनीचं माप १८५/६५ आर १५. धाकट्या भावाने हौसेने ती तीसेक मिलिमीटर खाली घेतलेली. कणकवली ते कुडाळ या पट्ट्यातल्या एका दुकानात चारही टायर बदलायला गेलो आणि माप सांगितलं. दुकानदाराने जुन्या टायरची आतली कड दाखवली. ती खरोखरच गुळगुळीत झाली होती, बाहेरची नक्षी मात्र शाबूत. म्हणाला, "दादा, गाडी खाली घेतलास मा, मगे टायर पण बारीकच लागतलो. ह्यो आतसून घासता, बघा." आणि १९५/५० आर १५ चे चार टायर बाहेर काढले. वर असंही सांगितलं की, लो गाडीला जुनं माप घातलं तर वॉरंटी मिळत नाही. फिटिंगला वेळ लागेल, तोवर समोर चहा घ्या म्हणाला. जुने टायर त्याने ठेवून घेतले.

त्याने दाखवलेली झीज खरी होती, पण तिचं सांगितलेलं कारण खोटं होतं. गाडी खाली गेली की चाकं वरच्या बाजूने किंचित आत कलतात, टो-सेटिंग, म्हणजे चाकं सरळ पुढे बघतात की आत-बाहेर वळलेली आहेत ते, हेही हलतं, आणि टायर आतल्या कडेवर चालू लागतो. त्यावर इलाज व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन पुन्हा जुळवून घेणं, हाच. स्प्रिंग पूर्ण बसल्यावर ते पुन्हा एकदा करून घ्यावं लागतं. टायर खरंच गाडीला घासत असता तर आर्चच्या, म्हणजे चाकावरच्या कमानीच्या, आतल्या प्लास्टिक लायनरवर काळा चकचकीत पट्टा दिसला असता. आमच्या लायनरवर नुसती लाल माती होती. रोज टायर हाताळणाऱ्या माणसाला हा फरक कळत नाही, यावर माझा विश्वास नाही.

आता मापाचं गणित, कारण सगळी लबाडी इथेच लपते. १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के इतकी साइडवॉलची, म्हणजे रिमपासून नक्षीपर्यंतच्या टायरच्या बाजूची, उंची, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. दोन्हीकडची साइडवॉल आणि रिम मिळून चाकाचा व्यास येतो ६२१.५ मिलिमीटर. १९५/५० आर १५ चा येतो ५७६. व्यासात ४५ मिलिमीटरहून जास्त फरक, म्हणजे अख्खी गाडी आणखी २३ मिलिमीटर जमिनीकडे गेली. स्प्रिंगमुळे आधीच कमी झालेल्या उंचीत ही भर. गावात शिरतानाच्या पहिल्याच मोठ्या गतिरोधकावर इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर खरवडलं. भावाला ज्या दिसण्याची हौस होती तेही गेलं, कारण चाक लहान झाल्यावर आर्चमधली फट पुन्हा तेवढीच वाढली. स्पीडोमीटर ८० दाखवायचा तेव्हा गाडी जेमतेम ७४ ने धावत असायची आणि किलोमीटरही फुकटचे जास्त चढायचे.

त्याहून वाईट गोष्ट मापाच्या शेजारीच छापलेली असते. आमच्या मूळ टायरवर ८८ एच होतं, नव्यावर ८२ व्ही. हा आकडा वजन पेलण्याचा. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८२ म्हणजे ४७५. चार टायर मिळून ३४० किलोंचा फरक. त्यातलं व्ही हे अक्षर दाखवून दुकानदार म्हणाला होता की, हा जास्त वेगाचा, म्हणून भारी टायर. वेगाची मर्यादा २१० वरून २४० वर गेली हे खरं, पण आपल्या रस्त्यावर तिचा उपयोग काय? घरची पाच माणसं, डिकीत नारळ-तांदळाचं सामान, आणि खाली कमी ताकदीचा टायर, हे मला आजही आठवलं की राग येतो.

पावसात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक आदळलं आणि पुढच्या डाव्या टायरला फुगा आला. आमच्या गावच्या पंक्चरवाल्याने तो उतरवून उलटा केला, तेव्हा उरलेली गोष्ट कळली. टायरवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे उत्पादनाची तारीख सांगतात, ते होते ३४१७, म्हणजे २०१७ सालचा ३४ वा आठवडा. त्याने बाकीचे तीनही तपासले, दोघांवर तेच साल. हा पूर्ण कोड बहुतेक टायरवर एकाच बाजूला असतो, आणि चारही टायर ती बाजू आत ठेवून बसवले होते. वर काळं पॉलिश मारलं होतं, त्यामुळे रबर नवंकोरं दिसत होतं. खपत नसलेलं माप आणि पडून राहिलेला माल, दोन्ही 'लो गाडी' या एका कारणाखाली आमच्या गळ्यात मारले.

परत गेलो तर उत्तर एकच, बसवलेला टायर परत घेत नाही. बिलावर फक्त 'टायर ४ नग' लिहिलेलं. ना माप, ना जीएसटी क्रमांक. सुदैवाने पैसे यूपीआयने दिले होते, तो पुरावा राहिला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. चाकरमान्यांनी एक लक्षात ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते, त्यासाठी सिंधुदुर्गात खेपा घालाव्या लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची असते.

आता गाडीला पुन्हा १८५/६५ आर १५, ८८ एच घातलेत. भाऊ पाच जणांना बसवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघत होता, लायनरला खडू फासून. कुठेही घासलं नाही. ज्यांच्या गाडीत खरंच घासेल त्यांनी व्यास फारसा न बदलणारं माप शोधावं. उदाहरणार्थ १९५/६० आर १५ चा व्यास ६१५ येतो, पण रुंदी १० मिलिमीटर वाढते, म्हणून आतल्या बाजूला सस्पेन्शनपर्यंत जागा आहे ना ते आधी बघा. ड्रायव्हरच्या दारापाशी कंपनीचं स्टिकर असतं, त्यावरच्या मापाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. टायर रिमवर चढवण्याआधी माप, वजनाचा आकडा आणि ते शेवटचे चार आकडे स्वतः वाचा, आणि तिन्ही बिलावर लिहून घ्या. दुकानदार लिहून द्यायला कां-कूं करू लागला तर हवा भरून पुढच्या गावापर्यंत सावकाश जा. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी एकमेकांपासून फार लांब नाहीत.