मॉडरेटरशिवायची रिमोट युजेबिलिटी टेस्ट: सोयीची, पण टास्क जपून लिहा

या टेस्टमध्ये माणूस आपल्या जागी, कोणी सोबत नसताना, साइट किंवा अ‍ॅपवर दिलेलं काम (टास्क) करून बघतो. त्याची स्क्रीन आणि आवाज रेकॉर्ड करणारी टूल्स काम झटपट उरकतात. एका फेरीला साधारण 5 जण पुरतात. गोची होते ती टास्कच्या शब्दांत. मेन्यूत ‘रिटर्न’ असताना ‘ऑर्डर रिटर्न करा’ असं लिहिलं, की माणूस तोच शब्द हुडकून क्लिक करतो आणि टेस्ट पास! ‘बूट घट्ट होतायत, पैसे परत हवेत’ एवढंच लिहा. स्क्रीनरमध्ये, म्हणजे टेस्टसाठी माणसं निवडायच्या प्रश्नावलीत, हो-नाही प्रश्न नकोत. मानधनासाठी बरेच जण ‘हो’ ठोकून देतात. बोलत बोलत काम करायला लावलं असेल, तर टास्कचा वेळ मोजू नका. आधी एकावर पायलट, म्हणजे टेस्टची रंगीत तालीम, घ्याच. अर्धवट प्रोटोटाइपसाठी (कच्च्या नमुन्यासाठी) मात्र ही टूल्स नकोत. माणूस अडला तर ‘का?’ विचारायला कोणी नसतं.