फझ पेडलची घरघर: बॅटरी की अ‍ॅडॉप्टर?

सांगलीत घरीच बसून जुन्या फझ पेडलला (गिटारचा आवाज खरखरीत करणारी, पायाने दाबायची डबी) ट्रू बायपास स्विच (पेडल बंद असताना सिग्नल त्याला वगळून थेट पुढे नेणारा) आणि अ‍ॅडॉप्टरचं सॉकेट बसवलं, आणि त्याच संध्याकाळी घरघर सुरू झाली. मिरजेच्या तंबोऱ्याच्या तारांची गुंजणारी जवारी असती तर कान देऊन ऐकली असती!

अ‍ॅडॉप्टर काढून 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली. घरघर गप्प. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. अ‍ॅडॉप्टरमध्ये तिची डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) होताना 100 हर्ट्झची लहर मागे उरते, आणि फझ तिलाही गिटारसारखंच फुगवतं. बॅटरीत ही भानगडच नाही. शिवाय असं पेडल जेमतेम एखादा मिलिअँपिअर खातं, त्यामुळे ती भरपूर टिकते. फक्त वाजवून झालं की इनपुटची केबल उपसायची, नाहीतर पेडल चालूच राहून बॅटरी गुपचूप रिकामी होत राहते.

अ‍ॅडॉप्टरच हवा? मग सप्लायच्या वाटेत 100 ओहमचा रेझिस्टर आणि त्यापुढे ग्राउंडकडे (सर्किटच्या सामायिक शून्य व्होल्टच्या वायरीकडे) 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. लहर बरीच दबते. पण पेडलमध्ये जर्मेनियमचे पीएनपी (उलट ध्रुवांवर चालणारे) ट्रान्झिस्टर असतील तर बहुधा पॉझिटिव्ह टोक ग्राउंडला असतं. अशा पेडलला बाकीच्या पेडल्सच्या (त्यांचं निगेटिव्ह टोक ग्राउंडला असतं) सामायिक अ‍ॅडॉप्टरवर जोडलंत की सप्लाय शॉर्ट.

माझ्याकडे बॅटरीवरही एक बारीक शिट्टी उरलीच होती. स्विचपाशी आउटपुटची वायर इनपुटच्या वायरीला चिकटून गेलेली. पेन्सिलीच्या टोकाने बाजूला सारली, थांबली.

मी बॅटरीवरच राहिलो. सॉकेटच्या भोकावर सध्या काळी टेप आहे.