शिशाची नळी : पाण्यात फॉस्फेट की थेट नवी नळी?

भाच्याने शिकागोत जुनं घर घेतलं. तळघरात शिरणारी नळी नाण्याने खरवडली, तर आत चांदीसारखी चकाकी, लोहचुंबक चिकटेना. म्हणजे विषारी शिसंच. "मामा, शहर पाण्यात फॉस्फेट टाकतं म्हणे. मग नळी बदलायची कशाला?"

वेळेत फॉस्फेट पुढे. ते नळीच्या आत थर धरतं, शिसं पाण्यात उतरू देत नाही. थर जमायला काही महिने लागतात, पण एकही रस्ता खणावा लागत नाही. नळ्या बदलायला वर्षं जातात. न्यू जर्सीतल्या नेवार्क शहराने सुमारे 23,000 नळ्या तीनेक वर्षांत बदलल्या, तीही घरमालकाकडून पैसे न घेता, पण असं क्वचितच घडतं. पदरचे पैसे घालायचे तर हजारो डॉलर जातात.

टिकाऊपणात मात्र फॉस्फेट मागे. मिशिगनमधल्या फ्लिंट शहराने एप्रिल 2014 मध्ये नदीचं पाणी घेतलं आणि फॉस्फेटसारखं गंजरोधक औषध घातलंच नाही. जुना थर सुटला, शिसं घराघरांत पोचलं. औषध ज्याच्या हाती, त्याच्यावर सगळी भिस्त! नवी नळी एकदाच, पण पूर्ण हवी. अर्धीच बदलली तर काही काळ शिसं वाढूही शकतं.

भाड्याचं घर असेल, तर शहर टाकतं ते फॉस्फेट आणि जोडीला शिसं गाळण्यासाठी प्रमाणित फिल्टर, एवढं पुरे. पाणी उकळून शिसं जात नाही. घर स्वतःचं, त्यात तान्हं बाळ, म्हणजे भाच्यासारखं? नळी बदल, बाबा. तोवर फिल्टर.