बाभूळ फोडायचीय? मग कायनेटिक की हायड्रॉलिक ते आधी बघा

भाच्याने सोलापूरजवळच्या कुंभारीकडच्या शेताच्या कडेला जळणाची वखार टाकायचं काढलंय. ढाबे, लग्नाचे आचारी, चुलीवर कडक भाकरी करणाऱ्या बायका, एवढं गिऱ्हाईक हाताशी आहे. कुऱ्हाडीने फोडणारे गडी मिळत नाहीत, म्हणून त्याला मशीन हवंय. दोन व्हिडिओ पाहून तो आला. एकात, म्हणजे कायनेटिकच्या, दोन सेकंदांत ओंडक्याच्या चिरफळ्या होतात, दुसऱ्यात, हायड्रॉलिकच्या, दांडा निवांत पुढे सरकतो. त्याचा जीव अर्थातच पहिल्यावर बसला.

मी म्हटलं, व्हिडिओतलं लाकूड बघितलंस का? सरळ, गोल, एका मापाचं, एकही गाठ नाही. आपल्याकडे ट्रॉलीतून काय उतरतं ते आठव. बाभूळ, वेडी बाभूळ, कडुनिंब, एखादं चिंचेचं खोड. सगळं वाकडंतिकडं, गाठाळ, आणि महिनाभर उन्हात पडलं की लोखंड. ज्या लाकडाची बैलगाडीची चाकं केली जायची ते लाकूड आपण फोडायला निघालोय.

आता दोन्हींचं काम कसं चालतं ते बघू, कारण निर्णय तिथेच आहे.

कायनेटिक म्हणजे घणाचा घाव. जुन्या ऑइल इंजिनाला असायची तशी जड चाकं मोटार फिरवत ठेवते. लिव्हर दाबला की फिरत्या चाकांच्या गिअरचे दात दांड्याच्या दातेरी पट्टीत अडकतात आणि चाकांत साठलेला सगळा जोर एका झटक्यात लाकडावर जातो. स्प्रिंग दांडा मागे आणते. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. जोर चाकांत आधीच साठलेला असल्यामुळे मोटार लहान चालते. दीड-दोन एचपी, सिंगल फेजवर. ही या मशीनची मोठी जमेची बाजू, पण तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

मात्र साठलेला जोर संपतोही. चाकाचा वेग निम्मा झाला तर जोर निम्मा राहत नाही, चौथाई होतो. मोटारीचा पट्टा घसरून वेग वीस टक्के उतरला तरी जोर छत्तीस टक्के जातो. म्हणून पट्टा ढिला असलेलं कायनेटिक म्हणजे नुसता आवाज. एका घावात लाकूड फुटलं नाही तर चाकांना पुन्हा वेग घेऊ द्यावा लागतो, मग दुसरा घाव.

हायड्रॉलिक म्हणजे जॅक. पंप तेलाला दाब देतो, सिलिंडर दांडा ढकलतो, समोर पाचर असते. चांगल्या मशीनचा पंप दोन टप्प्यांचा असतो. लाकूड लागेपर्यंत दांडा भराभर जातो, लागलं की वेग कमी होऊन दाब वाढतो. पाच एचपीच्या मशीनला जाऊन-येऊन पंधरा सेकंद धरा. हे मशीन लाकडाला धडक देत नाही, रेटत राहतं, आणि गाठीला रेटाच लागतो.

विकणारा टनांचे आकडे सांगतो. ते ऐकून घ्या आणि सिलिंडरचा आतला व्यास विचारा. १०० मिमी व्यास म्हणजे ७८.५ चौरस सेंटिमीटर. त्यावर दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोचा दाब म्हणजे १५,७०० किलो, साधारण सोळा टन. व्यास ८० मिमी आणि बोर्डावर '२० टन' लिहिलं असेल तर त्याला ४०० किलोच्या आसपास दाब लागेल, आणि असल्या मशीनवरचा साधा गिअर पंप तेवढा देत नाही. हा हिशोब दुकानात उभ्या-उभ्या मोबाइलवर होतो. कायनेटिकवर लिहिलेले टन याच्याशी ताडून बघू नका. तो क्षणभराचा धक्का असतो, हा टिकणारा जोर.

वेगाचं म्हणाल तर कागदावर कायनेटिक पाच-सहा पट पुढे. पण ओंडका उचलायचा, पाळण्यात ठेवायचा, चिरफळ्या बाजूला टाकायच्या, याला दहा सेकंद जातातच. म्हणजे एकीकडे बारा-तेरा, दुसरीकडे पंचवीस. फरक दुपटीचा उरला. त्यात गाठाळ बाभळीला दोन-तीन घाव लागले की तोही गेला.

एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या फॅब्रिकेटरने जुन्या इंजिनाची चाकं लावून कायनेटिक बनवलं होतं. मी टेम्पोत मुद्दाम आमच्याकडची सगळ्यात नतद्रष्ट बाभूळ टाकून नेली, मांडीएवढी जाड, मधोमध फांदीची गाठ. पहिला घाव, दांडा उडी मारून मागे. दुसरा तसाच. तिसऱ्याला पाचर बोटभर आत शिरली आणि तिथेच रुतली. "अण्णा, ह्यो ओंडका दमवालाय की बे," म्हणत त्याचा पोरगा घण घेऊन आला. सोडवायला पंधरा मिनिटं गेली. त्याच मशीनवर निलगिरीचे तुकडे मात्र असे फुटत होते की बघत राहावं. तोच ओंडका दुसरीकडे हायड्रॉलिकवर घातला. मशीन कण्हलं, गेजचा काटा चढला, मध्ये जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह शिट्टी मारून उघडला. ओंडका फिरवून लावल्यावर गाठीच्या कडेने फाटला. सुबक नव्हे, धाग्याधाग्याने, पण फाटला.

देखभालीत हायड्रॉलिकची कटकट जास्त, हे कबूल. तेल, फिल्टर, सील किट, होज म्हणजे तेलाच्या नळ्या. आपल्या मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वरही जातो, तेल पातळ होतं आणि दांड्याचा दम जातो. उन्हाळ्यात ६८ ग्रेडचं तेल घाला, मशीन सावलीत ठेवा आणि टाकीचं झाकण धुळीत उघडं टाकू नका. होजमधून बारीक गळती दिसली तर हात फिरवून शोधू नका, पुठ्ठा धरा. त्या दाबाचं तेल कातडीत घुसतं आणि मग दवाखानाच. पण जेसीबी, ट्रॉल्या आणि साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात होज दाबून देणारा आणि सील बदलणारा तालुक्याच्या गावीही भेटतो. कायनेटिकला तेलाची भानगड नाही, पण दातेरी पट्टी झिजली तर ती नव्याने कापून, कडक करून घ्यावी लागते. लेथवाला मिळेल, पण आठवडा जाईल.

हाताचं भय दोन्हीकडे आहे, कायनेटिककडे जास्त. आपल्याकडे एक जण लिव्हर ओढतो आणि दुसरा लाकूड धरतो. हायड्रॉलिकला तो हात काढून घ्यायला निदान वेळ तरी मिळतो. दोन सेकंदांच्या मशीनला मिळत नाही. शिवाय मोटार बंद केल्यावरही चाकं बराच वेळ फिरत राहतात. कुठलंही घ्या, लिव्हर दोन हातांचाच, म्हणजे दोन्ही हात लावल्याशिवाय न चालणारा असू द्या आणि लाकूड लावणारा-चालवणारा एकच माणूस ठेवा. स्वस्तात मिळणारा, फिरता शंकू लाकडात घुसवून फोडायचा प्रकार तर घेऊच नका. टॉवेल नाहीतर पदर एकदा गुंडाळला गेला की थांबवायला कुणी नसतं.

सुबाभूळ, निलगिरी यांचा एका मापाचा, ओला माल कायम मिळणार असेल तर मी कायनेटिकच घेईन. ओलं लाकूड फुटतंही सोपं. बाभळीवर धंदा असेल तर हायड्रॉलिक, दुसरा विचार नको.

भाच्याची अडचण वेगळीच निघाली. लाकूड सगळं बाभळीचं आणि वीज सिंगल फेज. शेतीची थ्री फेज येते ती पाळीने, कधी रात्री. म्हणजे लाकूड हायड्रॉलिककडे ओढतंय, वीज कायनेटिककडे. त्याच्या दारात ट्रॅक्टर मात्र उभा आहे, उसाचा हंगाम सोडला तर रिकामाच. मी त्याला म्हटलं, पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालणारं हायड्रॉलिक बघ, स्वतःचा पंप आणि स्वतःची टाकी असलेलं. ट्रॅक्टरच्या तेलावर चालणारं नको, मोठ्या सिलिंडरला ते पुरत नाही. डिझेल जळेल, पण मशीन ओंडक्यापाशी नेता येईल, ओंडका मशीनपाशी नाही. पुढच्या सोमवारी बघायला जाणार आहोत. टेम्पोत काय टाकून न्यायचं ते त्याने आत्ताच वेगळं काढून ठेवलंय.