आवाज झकास, पण स्टेशनात डबीतच ठेवा (पाचपैकी साडेतीन तारे)

तपकीर गल्लीतून ४,२०० रुपयांना घेतलेले आवाजबंदीवाले (नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा आवाज दाबणारे) इअरबड्स दोन महिने वापरतोय. मी निवृत्त रेल्वे ड्रायव्हर. हल्ली लोको पायलट म्हणतात, पण आम्ही ड्रायव्हरच. ३१ वर्षं हॉर्नशेजारी काढल्यावर कान मंद झालेत, म्हणून नातीने हट्टाने घ्यायला लावले.

गाण्यासाठी पैसे वसूल. सवाईतलं जुनं रेकॉर्डिंग लावलं तर तानपुऱ्याची जवारीसुद्धा कळते. चार्जिंग दिवसभर पुरतं. उजवा बड चालताना सैल होतो, पण तो दोष माझ्या कानाचाही असेल.

मग जुनी खोड. कासारवाडी स्टेशनवर बाकावर बसून परीक्षा घेतली. आवाजबंदी चालू, गाणं मध्यम. न थांबणारी एक्स्प्रेस आली. या यंत्राला खालच्या पट्टीतली घरघर बरोबर गिळता येते, आणि गाडीची पहिली चाहूल म्हणजे तीच घरघर. हॉर्न ऐकू आला, पण शेजारच्या बिल्डिंगमधल्या कुकरच्या शिट्टीसारखा. मान वर केली तोवर इंजिन समोर! त्यात विजेचं इंजिन; डिझेलसारखं लांबून धडधडत येत नाही.

बाहेरचा आवाज आत सोडायची सोय आहे. पण माझा जोड डबीतून काढला की पुन्हा आवाजबंदीवरच सुरू होतो. दीड तारा त्याबद्दल कापला.

एवढं कशाला, असं वाटेल. देहूरोडच्या अलीकडे, बऱ्याच वर्षांपूर्वी, मी अप एक्स्प्रेस घेऊन मुंबईकडे निघालो होतो. डाउनला, म्हणजे शेजारच्या उलट दिशेच्या लाइनवर, मालगाडी चालली होती. एक मुलगा ती जायची वाट बघत उभा होता, अगदी शहाण्यासारखा. शेवटचा डबा गेला आणि तो निघाला, थेट माझ्या लाइनवर. मालगाडीमागून दुसरी गाडी येत असेल हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्या नोकरीतले निम्मे रनओव्हर, म्हणजे माणूस गाडीखाली येण्याचे प्रसंग, असेच. हॉर्न दाबून धरला, इमर्जन्सी ब्रेक लावला. शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला २८ मीटर जाते आणि तिला बाजूला वळता येत नाही. कानातून खिशाकडे गेलेली पांढरी वायर मला दिसली, इतका तो जवळ होता. गाडी थांबली ती बरीच पुढे. नंतर ती लोणावळ्यापर्यंत मीच नेली.

१९८९च्या रेल्वे कायद्यात, कलम १४७ खाली, रूळ ओलांडल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड आहे. दंडाला कोण भितो? पुलाच्या पायऱ्या चढायचा कंटाळा जास्त जुना आहे.

नात लोकलने आकुर्डीला कॉलेजला जाते. "आबा, मी पुलावरूनच जाते हो," म्हणाली. जात असेल. तरी आमचं ठरलंय: जिन्याच्या पहिल्या पायरीला दोन्ही बड्स डबीत, गाडीत जागा मिळाली की पुन्हा कानात. दारात उभं राहायची वेळ आली तर डबी उघडायचीच नाही. परवा तिच्या मैत्रिणीनेही हे सुरू केलं म्हणे, "तुझ्या आबांचा सिग्नल" म्हणत.

दुकानदाराने बदलून द्यायला खळखळ केली नाही. आधी पांढरा जोड दिला होता. मी काळा मागून घेतला.