केस तेवढेच, टेप मात्र माझ्याच हातात

"९० दिवसांत १५ सेंटिमीटर, नाहीतर सगळे पैसे परत." मी फसले ती केस वाढवणाऱ्या तेल-गोळ्यांच्या जाहिरातीतल्या या ओळीला. तेलाला नाही, गोळ्यांना नाही, त्या "पैसे परत"ला. एरवी मी औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागदसुद्धा उलगडून वाचणारी बाई. पण परत देतो म्हणणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असा सरळ हिशोब केला आणि पैसे भरून मोकळी झाले.

कुरळ्या केसांच्या माणसाचं एक दुखणं असतं, ते सरळ केसवाल्यांना सांगून कळत नाही. केस वाढतात, पण दिसत नाहीत. सगळी लांबी वेटोळ्यांत जाते. न्हाताना कमरेकडे पोचणारी बट वाळली की खांद्यावर येऊन बसते. फार घट्ट वेटोळी असली तर निम्म्याहून जास्त लांबी अशीच गडप होते. हे मी लहानपणापासून आरशात बघत आले होते, आणि नेमकं याच माहितीवर मला गंडवलं गेलं.

खोक्यात एक तेल, टाळूवर मारायचा एक फवारा, गोळ्यांची बाटली आणि एक कापडी टेप. ती टेप बघून तर माझा विश्वास दुप्पट झाला. मोजायला सांगतात म्हणजे लपवण्यासारखं काही नसणार! सोबत मेसेजवर बोलणारी एक 'हेअर कोच' दिली होती. गोड बोलायची, प्रत्येक वाक्याला ताई. पैसे परत हवे असतील तर दर महिन्याला ती सांगेल तसा फोटो आणि तसंच माप पाठवायचं, एवढीच अट. अटीत मला काही खटकलं नाही.

पहिल्या दिवशीचा तिचा मेसेज असा होता: "ताई, केस धुवा, कंगवा लावू नका, आपोआप पूर्ण वाळू द्या. मान सरळ ठेवून मागून फोटो. टेप केसांवर नुसती टेकवा, ओढू नका, नाहीतर माप चुकेल." टाळूच्या मध्यापासून टोकापर्यंत ३१ सेंटिमीटर भरले. साठाव्या दिवशी म्हणाली, "आता केस थोडे दमट असताना मोजूया, वाळल्यावर तुमचे फार गुंततात ना." खरंच गुंतत होते. काळजीच वाटली तिची. नव्वदाव्या दिवशी ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून, विंचरून, बट खाली ओढून धरायला सांगितली. "आणि फोटोत मान जरा मागे टाका, चेहऱ्यावर उजेड येतो." मागून काढलेल्या फोटोत चेहऱ्यावर उजेड कशाला, हे मी विचारलं नाही. मान मागे टाकली की केस पाठीवर चांगले चार बोटं खाली उतरतात, हे आता कुणालाही करून दाखवते.

टेपवर ४६ आले. बरोबर १५ ची वाढ. मी घरभर नाचले.

पण कंगवा वेगळंच सांगत होता. विंचरताना भरपूर केस येत होते, आणि कोचकडे त्याला उत्तर तयार होतं: "जुने, कमकुवत केस बाहेर पडतायत ताई, शरीर साफ होतंय." रोज पन्नास ते शंभर केस गळणं कुणालाही नवीन नाही, म्हणून मीही मनावर घेतलं नाही. एका रात्री सहज कंगव्यातला गुंता पांढऱ्या कागदावर पसरला. मुळापासून गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीकसा पांढरा ठिपका असतो. माझ्या कागदावर ठिपक्याचे केस मोजके होते. बाकी सगळे बोटभर लांबीचे तुकडे, दोन्ही टोकं बोडकी. म्हणजे केस गळत नव्हते, तुटत होते. आणि मग टोकं तुटत असताना लांबी १५ ने वाढली कशी?

उत्तर डोक्यावरच होतं. नऊ महिन्यांपूर्वी मी सगळे केस मुळापासून तांबूस रंगवले होते आणि नंतर आळसाने पुन्हा रंग लावलाच नव्हता. भांग पाडून आरशासमोर एक बट ताणली. टाळूपासून काळा रंग, मग एकदम तांबूस. पट्टी लावली तर काळा भाग १० सेंटिमीटर आणि वर थोडा. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, वर्षाला १५ च्या आसपास. नऊ महिन्यांचे दहा-अकरा, अगदी हिशोबात. आता गंमत बघा. नऊ महिन्यांत मिळून जे केस दहा-अकरा वाढले, ते त्यातल्या शेवटच्या तीनच महिन्यांत पंधरा कसे वाढतील? ते माप केसांच्या वाढीचं नव्हतंच, वेटोळी सोडवल्याचं होतं. पाण्याने केसातले काही बंध तात्पुरते सुटतात, केस लवचिक होतो, ओढला की लांबतो. त्या पंधरा सेंटिमीटरसाठी तेलाची गरजच नव्हती. पहिल्याच दिवशी बादलीभर पाण्यात मिळाले असते. पहिल्या दिवशी बट ताणून मोजली असती तर किती भरली असती, हे आता कळायला मार्ग नाही. त्यांना तेच हवं होतं.

हे सगळं फोटोसकट कोचला पाठवलं. तिचं उत्तर मी जपून ठेवलंय. "ताई, तुमची वाढ टोकांकडून झाली आहे. झाडाचा शेंडा वाढतो ना, तसं." केस टाळूच्या आतल्या मुळाशीच तयार होतो, बाहेर आलेला सगळा निर्जीव. निर्जीव शेंडा वाढतो म्हणणाऱ्या बाईकडून मी तीन महिने सल्ला घेत होते.

पैसे मागितले तर माझेच फोटो, माझ्याच हातातली टेप, माझ्याच अक्षरातले ३१ आणि ४६ मला परत पाठवले. "आपली वाढ १५ सेंमी नोंदली गेली असल्याने परतावा लागू होत नाही." वाद घालायला जागाच ठेवली नव्हती. जी हमी वाचून मी पैसे भरले, त्याच हमीने माझ्याकडून पुरावा गोळा करून घेतला होता.

गोळ्यांचं एक सांगायलाच हवं, कारण ते नुसत्या पैशांचं नाही. बाटलीवर बायोटिन, म्हणजे एक ब जीवनसत्त्व, भरपूर मात्रेत लिहिलं होतं. शरीरात बायोटिन कमी असणं दुर्मीळच, त्यामुळे बहुतेकांना त्याने केसांत काही फरक पडायचा नाही. पण जास्त मात्रेत घेतलं तर रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल सावध केलं होतं. थायरॉइडची तपासणीही त्यात येते, आणि केस गळतात म्हटल्यावर डॉक्टर अनेकदा तीच करायला सांगतात. मी गोळ्या चालू असतानाच रक्त देऊन आले होते. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी गोळ्या बंद करून तपासणी पुन्हा करायला लावली.

तुम्ही असलं काही घेणारच असाल तर पहिल्या दिवशी, त्यांचा मेसेज यायच्या आधी, कानामागची एकच बट ओली करून, विंचरून, ताणून मोजा आणि वहीत लिहा. पुढेही तीच बट, तशीच ओली. रंगाची रेघ असेल तर तिच्यासारखा साक्षीदार नाही, तिला कुणी पढवू शकत नाही. जाहिरातीतल्या 'आधी' आणि 'नंतर'च्या जोड-फोटोंत पहिल्यांदा मान बघा, मग केस ओले की कोरडे ते बघा, लांबी सगळ्यात शेवटी. आणि फोटो पाठवताना ते कुठे वापरणार, हे अटींत शोधा. मी शोधलं नव्हतं.

सध्या मी लांबीच्या मागे नाही, तुटण्याच्या मागे आहे. कुरळा केस जिथे जिथे वळतो तिथे तिथे नाजूक असतो, आणि टाळूचं तेल त्या वळणांवरून टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून टोकं कोरडी. आता कोरड्या केसांना कंगवा लावत नाही. कंडिशनर लावून आधी बोटांनी गुंता सोडवायचा, टोकांकडून वर वर. फाटे फुटलेली टोकं कापून टाकली, जिवावर आलं होतं तरी. हल्ली कागदावर पसरलं तर तुकडे कमी आणि ठिपके जास्त दिसतात.

गेल्या आठवड्यात जिन्यात एक ओळखीची भेटली. "अगं, तू काय केस वाढवलेस! मीपण मागवलं ते तेल, तुझाच फोटो बघून." तिने मोबाईल पुढे धरला. माझीच पाठ, मान मागे टाकलेली, शेजारी माझंच ३१ आणि ४६. खोकं अजून फोडलेलं नव्हतं तिने. मी तिला तशीच घरी आणलं, नळाखाली तिची एक बट भिजवली आणि टेप काढली.