खड्डा, लोकल की वॉटर पार्क: भरपाई मागायची तर नक्की कुठे?

गाडीने गाडीला ठोकलं तर काय करायचं हे साधारण सगळ्यांना माहीत असतं, पोलीस, इन्शुरन्स, वकील. पण खड्ड्यात बाईक जाऊन खुबा मोडला, गटाराच्या उघड्या झाकणात पाय गेला, लोकलमधून पडलो, वॉटर पार्कच्या स्लाइडवर मणका दुखावला, असं काही झालं की घरचे "नशीब" म्हणतात आणि एखादा मामा "केस टाक" म्हणतो, कुठे टाकायची ते मामालाही माहीत नसतं. म्हणून हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो, रक्कम किती मिळेल हे नंतर बघा, आधी मुदत आणि पुरावा बघा.

खड्डा आणि मॅनहोलपासून सुरू करू. १३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई हायकोर्टाने सांगितलं की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे माणूस गेला तर वारसांना ६ लाख, आणि जखमीला दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख द्यायचे. महापालिकेच्या हद्दीत हे ठरवायला समिती असते, त्यात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे (गरजूंना कायदेशीर मदत देणारी सरकारी संस्था) सचिव. अर्जानंतर ६ ते ८ आठवड्यांत पैसे, नाहीतर वर ९ टक्के व्याज. आता अडीच लाख म्हणजे मोठ्या ऑपरेशनला फार काही नाही हे खरंय, पण वर्षानुवर्षं कोर्टात बसण्यापेक्षा हा रस्ता बरा, आणि ही भरपाई घेतली म्हणून बाकीचे कायदेशीर मार्ग बंद होत नाहीत, जे बऱ्याच जणांना माहीतच नाही. खरी भानगड पुराव्याची आहे. एरवी महिनोन्महिने न बुजणारा खड्डा कोणी पडलं की दुसऱ्या दिवशी बुजलेला असतो, म्हणून दवाखान्यात पोचायच्या आधी सोबतच्या माणसाला फोटो आणि व्हिडिओ काढायला लावा, बाजूचं दुकान किंवा विजेचा खांब दिसेल असा, आणि रस्ता पालिकेचा, पीडब्ल्यूडीचा (सार्वजनिक बांधकाम खातं) की हायवेवाल्यांचा ते विचारून घ्या, नाहीतर प्रत्येकजण "आमचा नाही" म्हणणार.

त्याच खड्ड्यात बाईक घसरली आणि मागून टेम्पो अंगावर आला, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचाही रस्ता उघडतो. इथे रक्कम वय, कमाई आणि अपंगत्वावरून ठरते, त्यामुळे कमावत्या माणसाला समितीपेक्षा कितीतरी जास्त मिळू शकतं, पण वेळ लागतो तो लागतोच. अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायची मुदत एप्रिल २०२२ पासून परत आलीये, त्यावरून सुप्रीम कोर्टात वाद गेलाय, पण त्या भरवशावर थांबू नका. आणि एकटेच घसरलात, दुसरी गाडी नाहीच, तर स्वतःचा थर्ड पार्टी विमा, जो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो, तुम्हाला काही देत नाही. तेव्हा पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर आहे का बघा, मृत्यू आणि ठरावीक कायमच्या अपंगत्वाला ते लागू होतं, साध्या फ्रॅक्चरला नाही.

लोकलमधून पडलात तर दावा रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलकडे, म्हणजे रेल्वेवरचे भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूरला बेंच आहेत. मला हा मार्ग सगळ्यात सरळ वाटतो, कारण रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यूला ८ लाख, जखमांचा तक्ता ठरलेला, मुदत एक वर्ष. दारात उभे होता म्हणून दावा आपोआप जात नाही, आणि तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून फेटाळता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय, तरी पास असेल तर जपून ठेवा, मोबाईलवर असेल तर स्क्रीनशॉट. आत्महत्या, दारू पिऊन पडणं, स्वतःचा गुन्हा, यात मिळत नाही. रूळ ओलांडताना उडवलं तर तो प्रवास धरला जात नाही, तिथे हा मार्ग विसरा.

वॉटर पार्क, जिम, फुटलेला कुकर, म्हणजे जिथे आपण पैसे मोजलेत, तिथे ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं, मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी शून्य, वकील सक्तीचा नाही. गेटवर "स्वतःच्या जबाबदारीवर" असा बोर्ड लावला म्हणून त्यांचा निष्काळजीपणा माफ होत नाही. पण इथे सेवेत कमतरता होती हे तुम्हालाच दाखवावं लागतं, आणि तिकीट नसेल तर निदान यूपीआयची एन्ट्री हवी. टॅक्स भरतो म्हणून आपण पालिकेचे ग्राहक असं समजून खड्ड्याची केस इथे आणू नका, वेळ वाया.

बिबट्या किंवा रानडुकराने हल्ला केला तर वनखातं, आणि तिथे ४८ तासांत कळवायचं असतं, गावाकडच्यांनी हे लक्षात ठेवा.

वकिलाच्या फीमुळे अडत असेल तर विधी सेवा प्राधिकरणात जा, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आणि पार्कवाला किंवा विमावाला दवाखान्यातच थोडे पैसे आणि "पूर्ण व अंतिम" लिहिलेला कागद घेऊन आला, तर डॉक्टर अपंगत्वाचं सर्टिफिकेट देईपर्यंत सही करू नका, गुडघा पुढे किती वाकणार हे तोवर डॉक्टरलाही माहीत नसतं आणि तुम्हालाही.